कोकणातल्या घरातले मोठे कोळी: विष किती, भीती किती आणि करायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. सावंतवाडीजवळ बागेतलं जुनं कौलारू घर आहे आणि पावसाळ्यात भिंतीवर तळहाताएवढे कोळी दिसतात. ते विषारी आहेत का? मुलीच्या मानेवर पाण्याचे फोड आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘कोळी मुतला’. ते खरं का? कोळी दिसला की विचारणाऱ्या ताईंना त्या खोलीत रात्रभर झोप लागत नाही, त्यावर काही करता येईल का? आणि धाकटा भाऊ शिकायला सिडनीला चालला आहे, तिथल्या कोळ्यांनी माणसं मरतात म्हणतात ते कितपत खरं?

भिंतीवरचा तो चपटा, तपकिरी, भराभर पळणारा कोळी तुमच्या जिवाला धोकादायक नाही. कोळ्याचा आकार आणि त्याच्या विषाची ताकद यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि सगळी गफलत इथेच होते. कोकणातल्या घरात माणूस दगावतो तो मण्यारीमुळे आणि लाल विंचवामुळे. कोळ्याला पाहून किंचाळणारं घर उन्हाळ्यात बिनधास्त जमिनीवर अंथरूण टाकून झोपतं, याची काळजी जास्त वाटते. म्हणून या उत्तरात त्या दोघांबद्दलही लिहिलं आहे.

भिंतीवर दिसतो तो कोण

जवळपास नेहमी हा शिकारी कोळी असतो. शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनेटोरिया. मादीचं धड अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतं, पण पाय पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत 8 ते 12 सेंटिमीटर भरतात. नर धडाने सडपातळ आणि पायांनी अधिक लांब असतो, म्हणून मादीपेक्षा मोठा भासतो. पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले असतात, अंग दाबल्यासारखं चपटं असतं, डोळ्यांच्या खाली तोंडाजवळ फिकट पिवळसर पट्टा असतो आणि आसपास कुठेही जाळं नसतं. हा कोळी शिकारीसाठी जाळं विणतच नाही. रात्री भिंतीवर दबा धरून बसतो आणि झुरळ किंवा पतंग टप्प्यात आला की झडप घालतो. पायांच्या टोकांना दाट केसांचे झुबके असतात, म्हणून गुळगुळीत गिलाव्यावरही तो सरसर चढतो.

दिवसा हे चपटं अंग कौलांच्या सांध्यात, वाशांच्या वर, कॅलेंडरमागे, देवाच्या तसबिरीमागे किंवा दाराच्या चौकटीच्या भेगेत शिरतं. तसबीर पुसायला उचलली की कोळी ‘अंगावर धावला’ असं वाटतं, ते यामुळे. त्याचा आडोसा गेलेला असतो आणि तो जवळचा दुसरा आडोसा शोधत असतो. कधीकधी तो आडोसा म्हणजे तुमची बाही असते.

पोटाखाली नाण्याएवढी पांढरी चकती धरलेला कोळी दिसला तर ती मादी आहे आणि ती चकती म्हणजे अंड्यांची पिशवी. तिच्यात दोनशेच्या आसपास अंडी असू शकतात. या काळात मादी फारशी खात नाही, हलत नाही आणि डिवचली तर चावण्याची शक्यता इतर वेळेपेक्षा जास्त असते. तिला झाडूने झोडपलं तर पिशवी फुटते आणि पिल्लं तयार झालेली असली तर खोलीभर पसरतात. त्या पिल्लांचा धोका काही नाही, पण आधीच भ्यायलेल्या माणसासाठी याहून वाईट दृश्य नसेल.

बाकीचे पटकन सांगून टाकतो. छताच्या कोपऱ्यात काडीसारख्या लांब पायांनी उलटे लोंबणारे, जळमटं करणारे कोळी पूर्ण निरुपद्रवी. ते दुसऱ्या कोळ्यांनाही खातात. पावसाळा सरताना पोफळींच्या मधोमध माणसाच्या उंचीवर मोठं, सोनेरी झाक असलेलं जाळं दिसतं. ते नेफिला पिलिपेस या कोळ्याच्या मादीचं. तिचं धडच तीन ते पाच सेंटिमीटरचं असतं. बागेत चालताना ते जाळं तोंडावर येतं, दचकायला होतं, पण ती अंगावर येत नाही. पोफळीच्या बागेत जाताना हातात एक काठी उभी धरून पुढे चालावं, एवढंच. जमिनीवर पळणारा आणि पाठीवर पिल्लांचा थर वाहणारा तो लांडगा कोळी. रात्री टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरून गवतात पाहिलं तर त्याचे डोळे हिरवट चमकतात.

खरा केसाळ, जाड पायांचा टॅरंटुला ओळखायला सोपा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याला आणि घाटमाथ्यावर, रस्त्याच्या कडेच्या मातीच्या उभ्या कापात, चिऱ्याच्या गडग्यात किंवा झाडाच्या मुळाशी रेशमाचं अस्तर लावलेलं बीळ दिसतं, ते बहुधा त्याचं. चिलोब्रॅकिस आणि थ्रिग्मोपिअस या गटांतले टॅरंटुला असे बिळात राहतात. पीसिलोथेरिया मात्र झाडाच्या ढोलीत राहतो. चपटा, राखाडी, पाठीवर पानाफुलासारखी नक्षी. डिवचला की पुढचे पाय उचलतो आणि पायांच्या खालच्या बाजूचा भडक पिवळा रंग दिसतो. तो रंग म्हणजे ‘मागे हो’ असा इशारा आहे आणि तो पाळावा. पावसाळ्याच्या आसपास नर माद्यांच्या शोधात भटकतात, तेव्हा एखादा पडवीत येतो. पकडून विकण्याच्या धंद्यामुळे या पीसिलोथेरियांवर मोठं संकट आलं आहे आणि 2019 पासून हा संपूर्ण गट साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. बरणीत ठेवून कुणाला दाखवायला किंवा द्यायला नेऊ नका.

विष आहे, पण कुणासाठी

‘हा कोळी विषारी आहे का’ या प्रश्नाचं खरं उत्तर जवळपास प्रत्येक वेळी ‘हो’ असंच येतं, कारण उलोबोरिडी या कोळ्यांच्या कुळासारखा एखादा अपवाद सोडला तर सगळ्याच कोळ्यांना विषग्रंथी असतात. ते विष किड्याला लुळं करण्यापुरतं असतं. विचारायचं ते असं: याचे दात माणसाच्या कातडीत शिरतात का, आणि शिरले तर त्या विषाचा माणसाच्या मज्जातंतूंवर किंवा कातडीवर परिणाम होतो का? जगात नोंदलेल्या 50 हजारांहून अधिक जातींपैकी या दुसऱ्या प्रश्नाला ठाम ‘हो’ म्हणावं अशा जाती मूठभर आहेत.

शिकारी कोळी चावला तर गांधीलमाशीसारखी कळ येते, थोडी सूज आणि लाली येते, आणि काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उतरते. पीसिलोथेरिया वेगळा. त्याच्या चाव्यानंतर स्नायूंमध्ये तीव्र पेटके येतात, कधी चाव्यानंतर बऱ्याच तासांनी सुरू होतात आणि आठवडाभर अधूनमधून येत राहतात. या पेटक्यांसाठी डॉक्टरांकडे जायलाच हवं. अमेरिकेतले पाळीव टॅरंटुला पोटावरचे खाजरे केस उडवतात, आपल्याकडच्या टॅरंटुलांना ते केस नसतात. त्यामुळे आपले टॅरंटुला बचावासाठी चावण्यावर अधिक भर देतात. परदेशातला व्हिडिओ पाहून इथल्या कोळ्याला तळहातावर घेऊ नये, त्याचं हे साधं कारण.

चाव्याच्या बाबतीत सगळ्यात बोलकी नोंद अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली आहे. तिथला ब्राउन रेक्लूज हा कातडी सडवणारा कोळी म्हणून बदनाम आहे, आणि त्याच्या विषाने तसं क्वचित होतंही. 2001 मध्ये तिथल्या एका घरातून सहा महिन्यांत या जातीचे 2,055 कोळी गोळा करून मोजले गेले. घरात चौघांचं कुटुंब वर्षानुवर्षं राहत होतं. चावा एकालाही नव्हता. कोळी माणसाला चावतो तो कपड्यात, बुटात किंवा अंथरुणात अंगाखाली चिरडला जातो तेव्हा.

चावलाच तर जागा साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा, मग तेवढाच वेळ काढून ठेवा, आणि असं दोन-तीनदा करा. बोटाला चावा असेल तर अंगठी आणि बांगड्या लगेच उतरवा, सूज चढल्यावर निघत नाहीत. दुखत असेल तर वयाप्रमाणे पॅरासिटामॉल. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर ते घ्या. जागा ब्लेडने कापणं, तोंडाने ओढणं, दोरीने आवळणं, चुना किंवा शेण लावणं यांतलं काहीच करू नका. 2012 मध्ये आसामच्या सदिया भागात कोळ्यांच्या चाव्यांनी दोन माणसं गेल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. त्याच बातम्यांमध्ये हेही होतं की गावठी उपचारात जखमा ब्लेडने चिरल्या होत्या, आणि मृत्यू नेमके विषानेच झाले असं ठामपणे सांगता आलं नाही. पहिली गोष्ट सगळ्यांना आठवते, दुसरी कुणालाच नाही.

दोन-तीन दिवसांनी लाली पसरत गेली, पू झाला किंवा ताप आला तर तो बहुतेक जंतुसंसर्ग असतो; डॉक्टर बघतील. घाम, उलट्या, पेटके, श्वासाला त्रास यांतलं काही असेल तर वाट न बघता 108 ला फोन करा. आणि दवाखान्यात ‘सापाची लस द्या’ असा आग्रह धरू नका. आपल्याकडचं सर्पदंशाचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं आहे. कोळ्याच्या विषावर त्याचा उपयोग नाही आणि त्याची स्वतःची रिॲक्शन येऊ शकते.

रात्री काहीतरी चावलं, पण दिसलं नाही

इथे कोळ्यावर दोष ढकलणं जिवावर बेतू शकतं, म्हणून जरा थांबून वाचा. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते, आणि तिचा चावा इतका बारीक असतो की दुखतही नाही आणि खूणही दिसत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही. ‘कोळी-बिळी चावला असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबलं तर श्वासाचे स्नायू बंद पडू शकतात. रात्रीच्या अनोळखी चाव्यानंतर पोटदुखी किंवा डोळ्यांची झापड दिसली तर तो मण्यारीचा दंश समजूनच व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात न्यायचं.

लाल विंचवाचं उलट आहे. चावल्याचं लगेच कळतं, आग होते. पण खरी धोक्याची लक्षणं पुढची: दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, उलट्या, छातीत धडधड आणि नंतर खोकल्याबरोबर गुलाबी फेस. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी याच कोकणात, तालुक्याच्या पातळीवर काम करून दाखवून दिलं की प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वेळेत दिलं तर यातले बहुतेक रुग्ण वाचतात. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. हे औषध डॉक्टरांनीच, नाडी आणि रक्तदाब पाहून द्यायचं असतं. घरात साठवून ठेवायचं नाही.

उपाय मात्र साप, विंचू आणि कोळी तिघांनाही एकच लागू पडतो. खाटेवर झोपा, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी नीट खोचा. नुसती सोडून ठेवलेली मच्छरदाणी फक्त डासांपुरती असते. चपला, बूट आणि रात्री बाहेर वाळत राहिलेले कपडे झटकल्याशिवाय घालायचे नाहीत.

‘कोळी मुतला’ म्हणजे काय

कोळी पाण्यासारखं मूत्र टाकतच नाही. त्याचं उत्सर्जन ग्वानिन नावाच्या पदार्थाचं, पांढरट आणि घट्ट असतं. भिंतीवर चुन्याच्या थेंबासारखे डाग दिसतात ते हेच. त्याने कातडीला काही होत नाही. पण सासूबाईंना दिसलेले फोड खोटे नव्हते, त्यांचं कारण दुसरं आहे, आणि कारणं बहुतेक वेळा दोनच असतात.

पहिलं म्हणजे पेडेरस नावाचा किडा. सात ते दहा मिलिमीटर लांब, मुंगीसारखा बारीक, अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे, मध्ये चमकदार निळसर-काळा. पावसाळ्यात आणि भातं तयार होताना तो दिव्याकडे येतो. तो चावत नाही. मानेवर बसला आणि आपण हात फिरवून चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन हे रसायन कातडीला लागतं. लगेच काही जाणवत नाही. साधारण एक ते दोन दिवसांनी आग होते आणि हात जसा फिरला तशी फोडांची रेघ उमटते. कोपराच्या किंवा मानेच्या घडीत असेल तर घडीच्या दोन्ही बाजूंना आरशासारखे जुळे डाग पडतात. हे दिसलं तर निदान जवळपास पक्कं. किडा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा किंवा कागदावर घ्या, आणि ती जागा साबणाने धुवा. तोच हात डोळ्याला लावू नका, पापणी फुगते.

दुसरं कारण नागीण. अंगाच्या एकाच बाजूला, पाठीकडून पुढे येणारा पट्टा, आधी दोन-तीन दिवस ठणका आणि मग फोडांचे घोस. हा कांजिण्यांचाच विषाणू, मज्जातंतूत दबून राहिलेला. फोड आल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू केल्या तर सर्वात चांगला गुण येतो. ‘कोळी मुतला’ म्हणून मंत्रून घेण्यात आणि तांदळाची पेस्ट लावण्यात नेमके हेच तीन दिवस जातात, आणि वयस्क माणसाला पुढे महिनोन्महिने दुखणं भोगावं लागतं. मुलीचे फोड रेघेत होते की एका बाजूच्या पट्ट्यात, ते आठवून पाहा. आणि फोड असे पुन्हा उठले, विशेषतः डोळ्याजवळ, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

घरातून बाहेर काढायचा कसा

तोंड 12 ते 15 सेंटिमीटर रुंद असलेला पारदर्शक प्लास्टिकचा डबा आणि त्याहून मोठा ताठ पुठ्ठा लागतो. जुनी जाड लग्नपत्रिका यासाठी फार छान. खोलीचा दिवा लावा, पंखा बंद करा. कोळी छताजवळ असेल तर घाई करू नका, शिकारीसाठी तो भिंतीवर खाली उतरण्याची शक्यता असते. हाताच्या टप्प्यात आला की डबा हळू, पण न थांबता त्याच्यावर नेऊन भिंतीला टेकवा. मग पुठ्ठा एका कडेने आत सरकवा. पाय आडवा आला की क्षणभर थांबा, तो पाय उचलतो, मग पुढे सरकवा. पुठ्ठा दाबून धरून डबा बाहेर न्या, लाकडांच्या राशीशी किंवा झाडाच्या बुंध्याशी जमिनीवर आडवा ठेवा, पुठ्ठा काढा आणि मागे व्हा.

हे फसतं ते ठरावीक कारणांनी. डबा लहान असला तर कडेखाली पाय चिरडतात आणि कोळी सुटून पळतो. शेवटच्या क्षणी झटका मारला तर वाऱ्याचा झोत त्याला आधी कळतो, कारण पायांवरचे बारीक केस हवेची हालचाल टिपतात. उघड्या हाताने भिंतीला टेकून उभं राहिलं तर तो हातच त्याला झाडाच्या खोडासारखा जवळचा आधार वाटतो.

स्प्रे मारू नका. झुरळ मिशा आणि पाय चाटून साफ करतं, तेव्हा पृष्ठभागावरचं औषध त्याच्या पोटात जातं. कोळी पायांच्या टोकांवर उभा असतो, त्याच्यावर भिंतीला मारलेल्या औषधाचा परिणाम कमी होतो. थेट अंगावर फवारलं तर तो लगेच मरत नाही, सैरावैरा धावतो आणि वरून खाली पडतो. भ्यायलेल्या माणसाच्या डोक्यात नेमकं हेच चित्र कायमचं बसतं.

कोळी कमी हवे असतील तर त्याचं जेवण कमी करा. स्वयंपाकघरात झुरळांसाठी जेलचे मसुराएवढे ठिपके ओट्याच्या सांध्यात आणि फ्रिजच्या मोटरजवळ लावा. त्याच जागी वर स्प्रे मारला तर झुरळं जेल खात नाहीत आणि दोन्ही औषधं वाया जातात. पडवीतला पांढरा दिवा बदलून पिवळ्या उजेडाचा लावा, पतंग निम्म्यानेही घटले तरी फरक दिसतो. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावा. लाकडं, नारळाची सोडणं, शेणी भिंतीला लागून रचू नका, दोन-तीन मीटर दूर ठेवा. हे मण्यारीसाठी आणि विंचवासाठीही आहे. कौलारू घर पूर्ण बंद होणार नाही, आणि तसा प्रयत्न करून जीव शिणवू नका. निजायच्या एका खोलीला वासेबंद छत किंवा बारीक जाळी मारून घेतली तरी पुष्कळ.

सिडनीला जाणाऱ्या भावासाठी

तिथे शिकारी कोळी आपल्यासारखेच मोठे आणि आपल्यासारखेच निरुपद्रवी आहेत. त्यांचा खरा धोका गाडीत: सन व्हायझर खाली केला आणि कोळी मांडीवर पडला की माणूस स्टिअरिंग सोडतो. आधी गाडी कडेला घेऊन थांबवायची, मग दार उघडायचं.

लक्षात ठेवायचे ते दोन. फनेल-वेब काळाभोर, चकचकीत, धड एक ते पाच सेंटिमीटर; सिडनीच्या आसपास ओलसर, सावलीच्या जागी बिळात राहतो. याचा नर मादीपेक्षा घातक, आणि उन्हाळ्यात-शरदात तोच घरात, जमिनीवर टाकलेल्या कपड्यांत, बुटांत आणि पोहण्याच्या तलावात येतो. बुडलेला दिसला तरी मेलेला समजायचं नाही. चावला तर काही मिनिटांत तोंडाभोवती मुंग्या, घाम, लाळ, स्नायू फडफडणं सुरू होऊ शकतं. रुंद लवचिक पट्टी चाव्यावरून सुरू करून बोटांपासून वरपर्यंत सगळ्या हाताला किंवा पायाला घट्ट गुंडाळायची, फळी बांधायची, अजिबात चालायचं नाही, 000 ला फोन करायचा. डॉ. स्ट्रुअन सदरलँड यांच्या चमूने तयार केलेलं प्रतिविष 1981 मध्ये वापरात आलं. त्याआधीच्या 13 मृत्यूंची नोंद आहे, त्यानंतर एकही नाही.

रेडबॅक लहान, वाटाण्याएवढा, काळ्या पोटावर लाल पट्टा. बागेतल्या खुर्चीखाली, शेडमध्ये. याला पट्टी बांधायची नाही, दाब दिल्याने दुखणं वाढतं. बर्फ लावायचा आणि दुखणं चढत गेलं, घाम फुटला तर रुग्णालय गाठायचं. त्याचं प्रतिविष 1956 पासून आहे. दोघांची प्रथमोपचाराची रीत उलटी आहे, एवढं भावाने पाठच करून जावं. आणि तिथे ‘व्हाइट-टेल’ कोळ्याने कातडी सडते असं कुणी सांगेल. या जातीच्या 130 खात्रीशीर चाव्यांचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एकाचीही कातडी सडली नाही.

भीतीवर

आता तुमचा स्वतःचा प्रश्न. ‘घाबरू नको, तो काही करत नाही’ या वाक्याने कोळ्याची भीती जात नाही, कारण तो काही करत नाही हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. कोळी दिसला, पळालात, बरं वाटलं. मेंदूने नोंद केली की पळाल्यामुळेच वाचलो. प्रत्येक सुटकेबरोबर भीती थोडी पक्की होते. ती उलटवायची तर पळण्याआधी थांबावं लागतं, आणि ते पायरी-पायरीने करता येतं. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी 1989 मध्ये हीच पद्धत एका बैठकीत, जास्तीत जास्त तीन तासांत, तज्ज्ञाबरोबर कशी करावी ते मांडलं. घरी करायची तर काही आठवडे धरा.

वहीत पायऱ्या लिहा आणि प्रत्येकीपुढे 0 ते 100 मध्ये भीतीचा आकडा. कोळ्याचं रेखाचित्र, मग फोटो, मग फोटोवर बोट ठेवणं, चालणाऱ्या कोळ्याचा व्हिडिओ, झाकण घट्ट असलेल्या पारदर्शक बरणीतला खरा कोळी तीन मीटरवरून, एक मीटरवरून, बरणीला हात लावून, बरणी मांडीवर घेऊन, दुसऱ्याने डब्याने पकडताना शेजारी उभं राहून, आणि शेवटी पुठ्ठा स्वतः सरकवून. बरणीतला कोळी घरातल्या दुसऱ्या कुणी पकडून द्यावा, झाकणाला बारीक भोकं असावीत, बरणी उन्हात ठेवू नये आणि त्याच रात्री सोडून द्यावं. हातावर घेण्याची पायरी इथे मुद्दामच नाही, तिची गरज नाही.

30 च्या आसपासच्या पायरीपासून सुरू करा. त्या पायरीवर आकडा निम्म्यावर येईपर्यंत जागा सोडायची नाही. वीस मिनिटं लागतील, कधी पाऊण तास. आकडा चढलेला असताना उठलात तर तो सराव भीतीच्या बाजूने मोजला जातो. सुरू करण्याआधी एक वाक्य लिहा: ‘हा माझ्या तोंडावर उडी मारेल’, ‘मी बेशुद्ध पडेन’. संपल्यावर प्रत्यक्ष काय झालं ते त्याखाली लिहा. रक्त पाहून बेशुद्ध पडणारी माणसं असतात, पण कोळ्याच्या भीतीत नाडी आणि रक्तदाब वाढतो, त्यामुळे चक्कर आल्यासारखं वाटलं तरी पडायला सहसा होत नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस करा. रविवारी एकदाच करून भागत नाही.

सराव करूनही गुण न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे छुपे आधार. हातात झाडू, पाय खुर्चीवर, डोळे अर्धे मिटलेले, नवरा दारात उभा. मग मेंदू यशाचं श्रेय झाडूला देतो. हे आधार एकेक करून सोडा आणि कोळ्याकडे पाहताना त्याचं वर्णन मोठ्याने करा: पाय किती, रंग कसा, कुठल्या दिशेला वळला. सरावाआधी शांत करणारी गोळी घेऊ नका, ती शिकणं बोथट करते. आणि घरच्यांना एक कडक सूचना: मस्करीत अंगावर कोळी टाकणं, रबरी कोळी उशीखाली ठेवणं, मुलांना ‘कोळी येईल हं’ म्हणणं बंद. अशा एका धक्क्याने तीन आठवड्यांचं काम जातं. मुलगी तुमचा चेहरा पाहून शिकते आहे, म्हणून शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांच्या वेळी तिला समोर असू द्या.

भीतीमुळे खोली, माळा किंवा बाग सोडून दिली असेल, रात्री-रात्री झोप नसेल किंवा छातीत धडधडून श्वास अडकत असेल तर एकट्याने झगडू नका. चिकित्सक मानसशास्त्रज्ञाकडे जा आणि विचारताना ‘सामोरं जाण्याचा उपचार करता का’ असं स्पष्ट विचारा. नुसत्या समुपदेशनाने यात फारसं साधत नाही.

उन्हाळ्यात कोळी दिसले नाहीत आणि पहिल्या पावसात एक समोर आला तर आकडा पुन्हा 60-70 वर उडेल. हे अपेक्षित आहे, मेहनत वाया गेलेली नाही. मिरगाच्या आधी आठवडाभर, जिथे सोडलं होतं त्याच्या दोन पायऱ्या खालून पुन्हा सुरू करा. या वेळी त्या पायऱ्या महिन्यात नाही, काही दिवसांत चढून होतात.